ताई, आधी तुमची दुपार परत मिळवा

(हे उत्तर एप्रिल २०२० मधलं, कोरोनाच्या लॉकडाऊनच्या काळातलं आहे; त्यातल्या तारखा, नियम आणि सवलती तेव्हाच्या.)

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. नाशिकच्या सिडकोतलं घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर गच्ची. माणसं सहा. मिस्टर अंबडच्या कारखान्यात, जनता कर्फ्यूनंतर कारखाना उघडलाच नाही. सासरे बहात्तर वर्षांचे, शुगरचे पेशंट, तरी काही ना काही निमित्त काढून रोज चौकात चक्कर मारून येतात. सासूबाईंना मुलाने भांडी घासलेली बघवत नाहीत. थोरला दहावीचा, रात्री तीनपर्यंत पबजी खेळतो. धाकटी पाचवीत, मध्यरात्री उठून तुमच्या कुशीत शिरते. धुण्याभांड्याच्या मावशी २२ मार्चपासून आलेल्या नाहीत, त्यांचा पगार द्यायचा का, असंही विचारलंय. आणि सगळ्यात शेवटी लिहिलंत, "१४ एप्रिलला सुटका होईल म्हणून कसेबसे दिवस ढकलले. आता ते ३० तारखेवर गेलं. मी दिवसभर सगळ्यांवर ओरडत असते. माझंच काही बिघडलंय का?"

नाही, तुमचं काही बिघडलेलं नाही. पण "सगळ्यांचंच असं चाललंय" एवढं सांगून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही. काय झालंय ते नीट कळलं, तर त्यातलं बरंचसं हाताळता येतं.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं कौटुंबिक समुपदेशन करते. मार्चअखेरीपासून सगळं काम फोनवर आहे. बायका फोन करतात ते गच्चीवरून, नाहीतर नळ सोडून बाथरूममधून. पुरुष गाडी पुसायच्या निमित्ताने खाली येतात आणि तिथून बोलतात. यावरूनच घराघरांत काय चाललंय याचा अंदाज येतो. मनातलं बोलायला एक कोपरा मिळत नाही. भांडणाचं कारण म्हणून लोक सांगतात चहा, टीव्हीचा रिमोट, चपात्या कडक झाल्या, मोबाईलचं चार्जर. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या खाली असतं.

तुमच्या घरी मला दिसतं ते असं. मार्चपर्यंत घर चालत होतं, कारण प्रत्येकाला जायला घराबाहेर एक जागा होती. मिस्टरांना कारखाना, तिथले सोबती, डबा खाताना होणाऱ्या गप्पा. सासऱ्यांना सकाळचं फिरणं आणि चौकातला बाक. सासूबाईंना भजनी मंडळ. मुलांना शाळा, क्लास, मैदान. ते सगळं एका रात्रीत बंद झालं, आणि त्याबद्दल सगळे बोलतात. तुमचं काय बंद झालं, हे मात्र कोणी बोलत नाही. तुम्हीही लिहिलेलं नाही. तुमची हक्काची जागा घराबाहेर नव्हतीच, ती घरातच होती: सगळे आपापल्या वाटेने गेले, सासू-सासरे जेवून पडले, मावशी भांडी करून गेल्या, की साधारण दीड ते चारचा वेळ. त्या वेळात तुम्ही झोपत असाल, मालिका बघत असाल, माहेरी फोन लावत असाल किंवा नुसत्या बसत असाल. तो वेळ तुमचा आहे असं कधी कोणी म्हटलं नाही, त्यामुळे तो गेल्याचंही कोणाच्या लक्षात आलं नाही. बाकीच्यांचं बाहेरचं जग बंद होऊन घरात आलं आणि ते नेमकं तुमच्या त्या दोन-अडीच तासांवर येऊन बसलं. वर मावशींचं काम, वर सहा माणसांचा तीन वेळचा स्वयंपाक आणि मधल्या वेळचं खाणं. तुम्ही ओरडता ते यातून. तुमच्या जागी दुसरं कोणी असतं तर तेही ओरडलं असतं.

म्हणून माझ्या मते पहिलं काम एकच. ती दुपार परत मिळवा. मुलांचा अभ्यास, सासऱ्यांचं बाहेर जाणं, मिस्टरांची चिडचिड, हे सगळं त्यानंतर. थकलेल्या माणसाने घराला शिस्त लावायला घेतली की त्याचं पुन्हा ओरडणंच होतं.

पण पुढे लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी जे सांगणार आहे ते अशा घरासाठी आहे, जिथे माणसं वैतागली आहेत पण एकमेकांना घाबरत नाहीत. घरात कोणी हात उचलत असेल, वस्तू फेकून मारत असेल, मुलांच्या अंगावर वळ उठत असतील, तर वेळापत्रक, समजूत, वाटाघाटी यातलं काही करत बसू नका. पोलिसांचा १००, महिलांसाठी १०९१ किंवा १८१, मुलांसाठी १०९८, यांपैकी कुठेही फोन करा. संचारबंदी आहे म्हणून मार खात घरात थांबायचं, असा कुठलाही नियम नाही. तसंच घरात कोणाला डिप्रेशनच्या, फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर "सध्या कुठे जायचं" म्हणून त्या मनाने बंद करू नका. औषधांची दुकानं उघडी आहेत आणि बरेच डॉक्टर फोनवर बोलताहेत. रोज दारू पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली आणि हात थरथरणं, घाम, भास, बरळणं सुरू झालं, तर ते नाटक नसतं. ते जिवावर बेतू शकतं, लगेच दवाखान्यात न्यावं लागतं. तुमच्या लिहिण्यावरून यातलं काही तुमच्याकडे दिसत नाही. पण हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून लिहिलं.

आता दुपारचं. "मला जरा आराम हवा" असं म्हणू नका. या वाक्याला घरात कोणी नाही म्हणत नाही आणि त्याने काही होतही नाही. वेळ आणि जागा ठरवून सांगा. उदाहरणार्थ, दोन ते साडेतीन आतली खोली माझी, दार लोटलेलं असेल, तेवढ्या वेळात चहा, पाणी, चार्जर, भांडण, काहीही मागायला यायचं नाही. सासू-सासरे एरवी तिथेच आडवे होत असतील तर त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली. मुलगा स्वयंपाकघरात किंवा जिन्यात. मिस्टर धाकटीला सांभाळतील. रात्रीची जेवणं झाल्यावर सगळे बसलेले असताना हे सांगा, भांडणाच्या भरात नको. आणि कारण द्यायचं तर खरं द्या: "मी थकले आहे, त्यामुळे तुमच्यावर ओरडते. मला हा वेळ मिळाला तर ओरडणं कमी होईल." पहिले काही दिवस कोणीतरी दार उघडून "अगं, साखर कुठे आहे?" विचारणारच. उठू नका. "साडेतीनला देते" म्हणा. साखर सापडते हो.

या जागेच्या वाटपात फक्त तुमचाच विचार करू नका. दोन खोल्यांत सहा जणांना आपापली खोली मिळणं शक्य नाही, पण आपापला तास मिळू शकतो. गच्ची हे तुमच्या घराचं मोठं भाग्य आहे. सकाळी सूर्य वर यायच्या आत सासरे, संध्याकाळी ऊन उतरल्यावर मुलं, रात्री जेवणानंतर तुम्ही नवरा-बायको. एप्रिलच्या उन्हात दुपारी तिचा उपयोग नाही, पण या तीन वेळा ठरल्या तरी घरातली निम्मी गर्दी कमी होते. आणि एक नियम सगळ्यांसाठी: जो गच्चीत एकटा बसलाय, त्याला "काय झालं? का बसलास?" असं विचारायचं नाही.

आता सासऱ्यांकडे वळते, कारण तिथे प्रश्न नुसत्या चिडचिडीचा नाही, जिवाचा आहे. साठीच्या पुढचं वय आणि त्यात मधुमेह, अशा माणसांना हा आजार झाला तर तो गंभीर होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. शिवाय विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात. म्हणजे बाकावर शेजारी बसलेला मित्र ठणठणीत दिसतोय, याला काही अर्थ नाही. हे त्यांना सांगायला हवं. पण तुम्ही सांगू नका, आणि मुलांसमोर तर नकोच. सुनेने अडवलं की तो मानापमानाचा विषय होतो. त्यांचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर असतील, त्यांना मिस्टरांनी फोन लावून द्यावा आणि डॉक्टरांना थेट सासऱ्यांशी बोलायला सांगावं. माझ्याकडच्या अनेक घरांत मुलाच्या चार तासांच्या वादाने जे झालं नाही, ते डॉक्टरांच्या चार मिनिटांच्या फोनने झालं.

तरीही नुसत्या भीतीने माणूस घरात बसत नाही. ते चौकात का जातात ते बघा. तिथे त्यांना कोणीतरी नावाने हाक मारतं, "या, बसा" म्हणतं. घरात सध्या त्यांच्या वाट्याला काय येतं? "बाबा, पाय वर घ्या, फरशी पुसायची आहे." निवृत्त पुरुषांच्या बाबतीत हे मी फार पाहिलंय. कर्तेपण सुटलेलं असतं, आणि आता त्यांची गरज आहे असं घरात कोणी वागत नाही. त्यांना वेळ घालवायला काहीतरी द्या असं मी म्हणत नाही, खरं काम द्या. ते केलं नाही तर घर अडेल असं काम. सकाळी पाणी भरणं, मोटर लावणं, दूध तापवणं, भाजी निवडणं, किराण्याची यादी आणि हिशेबाची वही. धाकटीला पाढे आणि पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) शिकवणं हे तर त्यांच्याच पिढीला येतं, तुम्हा-आम्हाला नाही. आणि बाकाचं म्हणाल, तर रोज संध्याकाळी सहाला त्या तीन-चार मित्रांना एकत्र फोन लावून द्या. कॉन्फरन्स कॉल तुमचा थोरला दोन मिनिटांत जोडून देईल. पहिल्या दिवशी सगळे एकदम बोलतील, कोणाला काही ऐकू येणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तेच साडेपाचपासून घड्याळ बघायला लागतील.

शुगरसाठी त्यांचं फिरणं थांबता कामा नये. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात किंवा गच्चीत चालले तरी जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात राहायला मदत होते. गोळ्या महिनाभराच्या एकदम आणून ठेवा. आणि घरात दिवसभर तळण चालू आहे असं तुम्ही लिहिलंय, ते त्यांच्यासाठी तरी आवरा.

मिस्टरांबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलंय. दहापर्यंत लोळतात, मग दिवसभर बातम्या. राग बरोबर आहे. पण ज्याची पहिली पाळी सकाळी सातला सुरू व्हायची, तो माणूस दहाला उठतो ते सुखाने नाही. उठून करायचं काय, हे त्याला माहीत नाही, आणि पुढच्या महिन्याचा पगार होईल का, हा प्रश्न त्याला उठल्या उठल्या भेटतो. अंबड-सातपूरच्या कामगारांचे मला जे फोन येतात, त्यांत आजाराच्या भीतीपेक्षा हप्त्याची भीती जास्त असते. आणि ती बायकोला बोलून दाखवली जात नाही. मग ती बातम्यांच्या आवाजात, मुलाच्या मोबाईलवर, भाजीतल्या मिठावर निघते.

यावर उपाय म्हणून धीर देऊ नका. वही घेऊन बसा. एका संध्याकाळी गच्चीत, दोघंच. शिल्लक किती, धान्य किती दिवसांचं, घराचा आणि गाडीचा हप्ता किती, शाळेची फी कधी. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला १ मार्च ते ३१ मेपर्यंतचे कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा बँकांना दिली आहे. मात्र ही माफी नाही. त्या काळातलं व्याज चालूच राहतं आणि नंतर भरावं लागतं. त्यामुळे हप्ता भरणं जमत असेल तर भरा, अगदीच जमत नसेल तरच सवलत घ्या, आणि आधी बँकेला विचारून. बंदच्या काळात कामगारांचा पगार कापू नये असा केंद्राच्या गृह खात्याचा २९ मार्चचा आदेशही आहे. प्रत्येक ठिकाणी तो किती पाळला जाईल हे मालकावर अवलंबून आहे, म्हणून तो धरून चालू नका, पण माहीत असू द्या. आकडे वहीवर आले की भीती जात नाही, पण तिला आकार येतो. आणि मुख्य म्हणजे ती एकट्याची राहत नाही.

बातम्यांना वेळ ठरवा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, अर्धा तास. दिवसभर टीव्हीवर तोच आकडा, तेच पीपीई घातलेले लोक. धाकटी ते सगळं बघते आहे, हे विसरू नका. निफाड तालुक्यात पहिला रुग्ण सापडला आणि मग मालेगावच्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हापासून लहान मुलांच्या झोपेच्या तक्रारी माझ्याकडे वाढल्या आहेत.

घरकामाबद्दल. "मदत करा" म्हणू नका. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं आणि समोरचा उपकार करतो. एक अख्खं काम द्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग त्यात डोकावू नका. सासूबाईंना मुलाने भांडी घासलेली चालत नाहीत ना, मग या आठवड्यात भांड्यांवरून लढू नका. बाथरूम-संडास धुणं, कपडे वाळत घालणं आणि घड्या करणं, पवननगरच्या बाजारातून भाजी आणणं, आणल्यावर ती धुऊन-पुसून ठेवणं, एवढं सगळं मिस्टरांचं. बाजार एकट्यानेच, तोंडाला रुमाल बांधून, आठवड्यातून दोनदा. घरी आल्यावर साबणाने वीस सेकंद हात, मगच बाकी सगळं. भांडी दोन्ही मुलं आळीपाळीने घासतील. नातवाने भांडी घासलेली आजीला मुलापेक्षा कमी खटकतात, हा माझा अनुभव आहे. हे न्याय्य आहे का? पूर्ण नाही. पण आत्ता आपल्याला तुमच्या पाठीवरचा भार उतरवायचाय, सासूबाईंची पन्नास वर्षांची मतं बदलायला पुढे वेळ आहे.

आणि सासूबाईंकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. त्यांचंही मंडळ बंद आहे, आणि स्वयंपाकघरात चोवीस तास दोन बायका आहेत. तुम्ही लिहिलंय, "मी कांदा चिरला की त्या तो पुन्हा बारीक करतात." एकाच ओट्याशी दोघींनी राहू नका. सकाळचा स्वयंपाक एकीचा, रात्रीचा दुसरीचा, आणि जिची पाळी नाही तिने आत यायचं नाही. शिवाय चैत्र चालू आहे, वाळवणाचे दिवस. दरवर्षी सिडकोच्या गच्च्यांवर शेजारणी जमून कुरडया-पापड करतात, यंदा ते होणार नाही. मग घरातल्या घरात करा, आणि सूत्रं त्यांच्या हातात द्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, गाळायचा, रात्रभर निवळू द्यायचा. भल्या पहाटे तो शिजवताना एकाने ओतायचा आणि दुसऱ्याने गुठळी न होऊ देता सारखा हाटायचा. हाटायला जोर लागतो, तिथे थोरल्याला उभा करा. गरम चीक वाटीत घेऊन दूध-साखर घालून खायला पोरं स्वतःहून उठतील. सोऱ्या सासूबाईंच्या हातात, प्लॅस्टिकचा कागद धरायला सासरे, कावळे हाकलायला धाकटी. हे मी गंमत म्हणून सुचवत नाही. चार-पाच दिवस चालणारं, सगळ्यांना लागणारं आणि शेवटी डब्यात भरून ठेवता येणारं काम सध्या दुसरं नाही. दिवस नुसते ढकलले जात आहेत, या भावनेवर हे लागू पडतं.

मुलांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे तुम्ही समजता तेवढं बिघडलेलं नाही. थोरल्याचा भूगोलाचा पेपर २३ मार्चचा होता, तो पुढे ढकलला आणि १२ एप्रिलला रद्दच केला. वर्षभर "दहावी, दहावी" ऐकलेल्या मुलाची परीक्षा संपलीच नाही, विझली. शेवटच्या पेपरनंतरचा आरडाओरडा नाही, मित्रांबरोबर सोमेश्वरला जाणं नाही. त्याचे सगळे मित्र आता त्या पबजीतच आहेत. त्यामुळे मोबाईल हिसकावू नका. झोपायच्या वेळेवरून भांडू नका, उठायची वेळ पक्की करा. साडेआठला उठायचंच, रात्री कितीही वाजता झोपला तरी, आणि उठल्यावर पहिला अर्धा तास गच्चीत उजेडात. आठवडाभरात झोप आपोआप अलीकडे सरकते. रात्री साडेअकराला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळे म्हणजे त्याच्या बाबांचाही. नाहीतर हा नियम दोन दिवस टिकणार नाही.

धाकटीने विचारलंय, "आजोबा मरतील का?" आणि तुम्ही "असं बोलू नये" म्हणून गप्प केलंत. मग ती रात्री उठते. मुलांना जेवढं विचारलं तेवढं खरं सांगावं. असं म्हणून बघा: "हा आजार म्हाताऱ्या माणसांना जास्त त्रास देतो, म्हणून तर आपण आजोबांना घरात ठेवतो, हात धुतो. आजोबा आत्ता बरे आहेत. कोणालाही बरं वाटेनासं झालं तर आपण डॉक्टरांकडे जाऊ, आणि मी तुला खरं तेच सांगेन." एवढं पुरतं. हायवेवरून सामान डोक्यावर घेऊन चालत जाणाऱ्या माणसांबद्दलही तिने विचारलं असं लिहिलंय. त्याचंही उत्तर द्या. त्यांचं काम बंद झालं, ते त्यांच्या गावी निघालेत. तुमच्या आसपास कोणी त्यांच्यासाठी पोळ्या-भाजी गोळा करत असेल तर तिच्या हाताने दोन पोळ्या बांधून द्या. भीती वाटणाऱ्या मुलाला आपण काही करू शकतो हे कळणं फार उपयोगी पडतं. रात्री ती कुशीत आली तर येऊ द्या. तिला वळण लावायची ही वेळ नाही. शाळेने मोबाईलवर पाठवलेल्या सगळ्या वर्कशीट झाल्याच पाहिजेत, हाही हट्ट सोडा. पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या आहेत, ती सहावीत जाणार आहे.

आता तुमच्या प्रश्नातलं एक अर्धं वाक्य, जे तुम्ही कंसात टाकून पुढे गेलात: यंदा आखाजीलाही जाता येणार नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला आहे. सिडकोत खानदेशातली किती घरं आहेत आणि अमळनेर-चाळीसगावकडच्या लेकींसाठी आखाजी काय असते, हे मला ठाऊक आहे. झोका, गाणी, पुरणाच्या पोळ्या, आणि महत्त्वाचं म्हणजे चार दिवस कोणाची सून नसणं. वर्षभराच्या कष्टातून मिळणारी तुमची ती एक रजा आहे. लॉकडाऊन ३० तारखेपर्यंत वाढल्याचं ऐकून तुम्ही घरात एवढ्या का भडकलात, त्याचं उत्तर मला तरी या अर्ध्या वाक्यात दिसतं. ते घरात बोला. मिस्टरांना सांगा, "मला आईकडे जायचं होतं, जाता येत नाही, मला वाईट वाटतंय." त्यावर कोणी काही उपाय करू शकत नाही, पण बोलल्यावर तो राग फरशी पुसताना बाबांच्या पायावर निघणार नाही. आणि दुपारच्या त्या दीड तासातला पहिला अर्धा तास आईशी फोनवर, दार लावून, अहिराणीत, मनसोक्त.

तारखेबद्दल एक सांगते. १४ तारीख गेली, ३० तारीखही कदाचित पुढे जाईल, कदाचित नाही. ते आपल्या कोणाच्या हातात नाही. "३० नंतर बघू" म्हणून घरातली एकही गोष्ट अडवून ठेवू नका. दर रविवारी रात्री फक्त पुढच्या आठवड्याचं ठरवा: कोणाचं काम कोणतं, काय आणायचं, काय जमलं नाही, कोणाची पाळी बदलायची. आणि हे सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात दुपार, मिस्टरांची ठरलेली कामं आणि सासऱ्यांना डॉक्टरांचा फोन, एवढंच. बाकीचं पुढच्या रविवारी. काही गोष्टी तुमच्या घरात बसणारच नाहीत, त्या सोडून द्या. माणसं तुमची आहेत, मी त्यांना पाहिलेलं नाही.

पण दुपार मिळूनही दोन आठवड्यांनी तुम्हाला झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कारण नसताना रडू येत असेल, किंवा नसलेलंच बरं असा विचार एकदा जरी मनात आला, तर ते थकणं नाही. त्यासाठी डॉक्टरांशीच बोलायला हवं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने याच काळासाठी ०८०-४६११०००७ हा मोफत फोन सुरू केला आहे, तिथूनही सुरुवात करता येईल. हेच मिस्टरांच्या आणि थोरल्याच्याही बाबतीत लक्षात ठेवा. पुरुष आणि मुलगे रडत नाहीत, ते बोलायचे थांबतात.

राहिला मावशींचा पगार. हो, द्या. त्या आल्या नाहीत असं नाही, त्यांना येऊ दिलं जात नाहीये. वहीचा हिशेब बसला तर पूर्ण द्या, नाही बसला तर जेवढा जमेल तेवढा द्या, पण महिन्याच्या ठरल्या तारखेला आणि स्पष्ट सांगून. पैसे पाठवायची सोय नसेल तर मिस्टर भाजीला जातील तेव्हा वाटेत ठरवून हातात देतील. आणि त्याआधी आजच एक फोन करा. गॅस आहे का, रेशन मिळालं का, घरात सगळे बरे आहेत का, एवढं विचारा. त्यांच्याकडे एकाच खोलीत किती माणसं आहेत ते तुम्हाला माहीत असेलच.